चुळबुळे काकांचा गुडघा

हातावर हात ठेवून बसणाऱ्या माणसांबद्दल काकांच्या मनात आधीपासूनच अढी होती. असली माणसं एक तर आजारी असतात, नाहीतर साहेब असतात, असं त्यांचं ठाम मत. आणि आता खुद्द त्यांच्यावरच ती पाळी आली होती. बसायला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीसमोर जमिनीवर ओढलेला पिवळा पट्टा, पट्ट्यापलीकडे त्यांचं लाडकं कामाचं टेबल. आठवडाभर पट्टा ओलांडायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्यापेक्षा एखाद्याला उपाशी ठेवून त्याच्यासमोर जेवायला बसलेलं परवडलं.

काकांना खरं नाव होतं, पण दुरुस्तीघरात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. परदेशातून येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच इथल्या बायकांनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं: चुळबुळे काका. बिचाऱ्यांचं चुकलंही नव्हतं. हा माणूस चहा पिता पिता टेबलाचे स्क्रू आवळायचा. एकदा बैठकीत कंटाळा आला म्हणून त्यांनी चांगला चालता पंखा उघडून ठेवला आणि सगळी बैठक घामाघूम झाली. आणि हातांना काही काम नसलं की उजवा गुडघा सुरू व्हायचा. टाच जमिनीवर टकटक, गुडघा वरखाली, खुर्ची कुरकुर. लग्नात, सिनेमात, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत, सगळीकडे. काकू शेजारी असल्या की न बघता हात पुढे करून तो गुडघा दाबून धरायच्या. दवाखान्यातल्या खाटेवरून, अगदी शेवटच्या दिवसांतसुद्धा, त्यांनी चादरीतून हात काढून तो गुडघ्यावर ठेवला होता. काकू गेल्या आणि घर असं काही गप्प झालं, की काकांनी मोटर भरायचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि स्वयंसेवी संस्थेत नाव घातलं. संस्थेने त्यांना उचलून या दुसऱ्या देशात आणून ठेवलं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. इथली भाषा ते धडाधडा बोलायचे. बायका हसायच्या, पण कुणाचं काम अडत नव्हतं.

दुरुस्तीघर चालवत होत्या तीन देशांतल्या तीन संस्था. काकांची संस्था हुन्नर असलेली माणसं पाठवायची. दुसरी आणखी लांबच्या देशातली. तिने लेथ, तार गुंडाळायचं यंत्र, वेल्डिंगचा संच असं सगळं सामान दिलं होतं आणि सोबत सायकली दुरुस्त करायला शिकवणारी एक पोरगेलीशी बाई. तिसरी संस्था इथल्याच बायकांची. तिच्याकडे होतं एक जुनं गोदाम आणि भरपूर हट्ट. गावाबाहेर नदीच्या वळणावर पंखे, मिक्सर, पंप, सायकली यांचा उकिरडा वाढत वाढत पाण्यापर्यंत पोचला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. संस्थांच्या भाषेत याला शाश्वत विकास म्हणायचे. इथल्या बायकांच्या म्होरक्या वहिनींच्या भाषेत, 'फेकायचं नाही, उघडायचं.'

या तीन संस्थांचं एकमेकींशी कधी पटलं म्हणाल तर देवाचं नाव घ्या. एकीला उठसूट बैठका हव्या, दुसरीला फोटो हवे, तिसरीला बैठका आणि फोटो दोन्ही नको. पण एका गोष्टीवर तिघींचं एकमत होतं, कारण तिघींनीही ठेच खाल्ली होती. ज्या ज्या ठिकाणी स्वयंसेवक निघून गेले, तिथे महिन्याभरात कुलूप लागलं होतं. म्हणून नियम केला: शेवटचा आठवडा 'हात मागे'. पाहुण्यांनी फक्त बसायचं. इथल्यांनी एकट्यांनी काम चालवलं, तर यंत्रांसकट दुरुस्तीघर त्यांचं. नाही जमलं, तर यंत्रं ट्रकवर चढणार आणि पुढच्या गावाला जाणार, जिथे कधीचे वाट बघत बसलेत.

आणि ट्रकबरोबर काका. ही गोष्ट काकांच्या पोटात होती. त्यांच्या संस्थेच्या साहेबांनी फोनवर विचारलं होतं, "समजा तिथे जमलं नाही, तर यंत्रांबरोबर पुढे जाल का?" काका साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो" म्हणाले होते. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली. इथलं जमलं, तर घरी जायचं. घरी म्हणजे त्या गप्प घरात. मुलगी दुसऱ्या शहरात, दुकान पुतण्याचं. तिथे पिवळा पट्टा नव्हता, पण हात लावण्यासारखंही काही नव्हतं.

तर असा हा आठवडा सुरू झाला. कोपऱ्यात निरीक्षक बाई येऊन बसल्या. तिन्ही संस्थांनी मिळून पाठवलेल्या, मांडीवर वही, पायाशी थर्मास, चेहरा असा की आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला कळू नये. पट्ट्याच्या अलीकडे दोन खुर्च्या: एकीत काका, दुसरीत सायकलवाली. सायकलवालीला बसायला जमत होतं. ती पाय पसरून, डोळे अर्धवट मिटून उन्हातल्या मांजरासारखी पडून राहायची. काकांच्या मात्र जिवाची नुसती घालमेल. हात शिवशिवायचे. समोर कुणी पाना उलटा धरला की यांच्या बोटांना कळ यायची.

पण काम! काम असं चाललं होतं, की काकांची छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची वेळ आली. वहिनी सगळ्यांच्या पुढे. त्यांना वहिनी म्हणायची ती त्यांची नणंद, धाकटी. तिचं ऐकून सगळं गोदाम म्हणायला लागलं होतं. वहिनींची जीभ तिखट आणि बोटं चपळ. पहिल्या दिवशी मिक्सर, दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राची मोटर, मग पिठाच्या गिरणीचा स्टार्टर. कुठे चुकतंय असं वाटावं, आणि नेमकं तेव्हाच वहिनींनी थांबावं, तार पुन्हा तपासावी, चूक काढावी. एकदा नाही, दरवेळी. काका मनात म्हणाले, शिकवलं की नाही असं!

तिसऱ्या दिवशी गोदाम बंद झाल्यावर काका आणि सायकलवाली रस्त्याने खोलीकडे निघाले होते. काका खुशीत होते. "बघितलंस? एकदासुद्धा चुकल्या नाहीत."

"त्या कशाला चुकतील?" सायकलवाली म्हणाली. "तुमचा गुडघा आहे ना."

"माझा काय?"

"गुडघा. काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?" ती रस्त्यातच थांबली. "त्यांचं बरोबर चाललं असलं की तुमचा गुडघा थांबतो. काही चुकायला लागलं की उडायला लागतो. आणि मोठी चूक असली तर टाचसुद्धा वाजते. धाकटी काम करत नाही, ती नुसती तुमच्या पायाकडे बघत उभी असते. मग वहिनींना कोपर मारते."

काका हसले. मग त्यांचं हसू विरलं. त्यांना आठवलं, धाकटीच्या हातात तीन दिवस एकच फडकं होतं आणि ती एकच जागा पुसत होती. त्यांच्या खुर्चीसमोरची.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण काकांनी ती स्वतःशीही जरा उशिराच कबूल केली. त्यांना राग आला, पण त्या रागाच्या आधी, क्षणभर, गोड वाटलं. आठवडाभर खुर्चीत डांबून ठेवलं तरी माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, असं वाटलं. माणसाला वयाच्या या टप्प्यावर याहून गोड काही वाटत नाही. ते गोडपण खोलीपर्यंतही पुरलं नाही. जिन्यातच त्यांना दिसलं ते पुढचं: आपण गेलो, खुर्ची उचलली, वहिनी मोटरच्या बटणावर हात ठेवून वळून बघतायत, आणि बघायला तिथे काही नाही.

"निरीक्षक बाईंना सांगू?" त्यांनी सायकलवालीला विचारलं.

"आणि यंत्रं ट्रकवर चढवू? काही सांगू नका. नुसता गुडघा धरून बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ठरवलं: गुडघा हलवायचा नाही. दोन्ही हातांनी गच्च धरून ते बसले. कपाळावर घाम, दातांवर दात, पण गुडघा गप्प. पलीकडे धाकटी फडकं फिरवत होती. वहिनींनी पंख्याची मोटर जोडली, त्यात वायरची एक साल काढलेली जागा उघडीच राहिली होती, आणि काकांनी ती बघितली, आणि गुडघा आणखी जोरात आवळला. धाकटीने पायाकडे बघितलं. पाय स्वस्थ. तिने वहिनींना मान डोलावून दाखवली आणि वहिनींचा हात बिनधास्त बटणाकडे गेला.

धरलेल्या हातांसकट गुडघा उडाला. धाकटीने वहिनींच्या कोपराला असा हिसका दिला की त्यांचा हात बटणावरून बाजूला गेला. निरीक्षक बाईंनी वहीतून मान वर केली, पुन्हा खाली घातली.

म्हणजे पाय स्वस्थ ठेवणं हेही बोलणंच होतं. हलला तर 'नाही', थांबला तर 'चालू दे'. काकांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पडलं. गप्प बसायचं तरी कसं?

चहाच्या सुट्टीत त्यांनी वहिनींना गोदामाच्या मागच्या दारात गाठलं. कामाबद्दल बोलायला बंदी होती, गुडघ्याबद्दल नव्हती.

"वहिनी, तुम्ही माझ्या गुडघ्याकडे बघता?"

वहिनींनी लाजण्याचं नावसुद्धा घेतलं नाही. "मग? बघायचं नाही असं कुठल्या नियमात आहे? डोळे बांधायला सांगितले नव्हते."

"अहो, पण मी गेल्यावर?"

"गेल्यावरचं गेल्यावर. आधी यंत्रं तर पदरात पडू देत." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "काका, या दहा-बारा जणींनी घरच्यांचे टोमणे खाऊन दोन वर्षं काढलीत इथे. एका चुकीपायी सगळं ट्रकवर चढलं, तर उद्या मी कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर उभी राहू? तुम्ही बसा मजेत. पाय मोकळा सोडा."

"पण तुम्हाला येतंय सगळं! पायाची गरजच नाही तुम्हाला."

"ते तुम्हाला वाटतं," वहिनी म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या. जाता जाता त्यांचा हात थरथरत होता, हे काकांना दिसलं. वहिनींच्या हाताला थरथर! लेथवर उभी राहिलेली ही बाई, आणि बटण दाबायला घाबरते. आणि ही भीती कुणी लावली? दोन वर्षं दर वेळी, बटण दाबायच्या आधी, 'थांबा, मी एकदा बघतो' कोण म्हणत होतं? काकांना चहा कडू लागला.

त्या रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, रविवारी येतोयस ना नक्की? स्टेशनवर येऊ का?"

"बघतो," काका म्हणाले.

"बघतो म्हणजे? बाबा, तू परत पुढे कुठे जायचं ठरवलंयस का?"

काकांनी उत्तर टाळून पुतण्याची चौकशी केली. मुलगी ती काय दुधखुळी नव्हती, पण तिनेही मग पुतण्याचंच सांगितलं.

शेवटच्या दिवसाला वहिनींनी मोठं काम राखून ठेवलं होतं. वस्तीच्या पाण्याच्या टाकीचा पंप. त्याची मोटर जळून गेली होती आणि तेव्हापासून वस्ती टँकरमागे धावत होती. जळकी तार काढून बायकांनी मोटरच्या खाचांत नवी तांब्याची वेटोळी बसवली होती, कागद घातले होते, दोऱ्याने बांधलं होतं. आता उरलं होतं ते वेटोळ्यांच्या टोकांना एकमेकांशी जोडणं आणि चालवून बघणं. चाललं, की वॉर्निश. मोटर भरणाऱ्याची खरी कसोटी या टोकांत असते. वेटोळ्यांच्या एका गटाची सुरुवात आणि शेवट उलटे जोडले, तर मोटर फिरायचं सोडून गुरगुरते आणि बघता बघता तापून जळते.

सगळ्या जणी टेबलाभोवती जमल्या. धाकटीने फडकं घेतलं. निरीक्षक बाईंनी थर्मासचं झाकण लावलं. काका आले, खुर्चीपाशी थांबले, आणि त्यांनी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग चपला काढल्या आणि चक्क खुर्चीवर मांडी घालून बसले. गुडघे दोन्ही हातांखाली दाबलेले. मागून बघणाऱ्याला दिसत होती फक्त खुर्चीची पाठ आणि काकांचं टक्कल.

मग वहिनींचा आवाज आला, पट्ट्यापर्यंत येऊन थांबलेला.

"काका. हे काय?"

"बसलोय. हात मागेच आहेत."

"खुर्ची फिरवा."

"नाही."

"आजच्या दिवशी? सगळ्यात अवघड काम आहे आणि आजच?" वहिनींचा आवाज चढला. अंगाचा तिळपापड झाला होता त्यांच्या. "की आमचं चुकायलाच हवंय तुम्हाला? म्हणजे यंत्रं उचलतील आणि तुम्हाला जाता येईल त्यांच्याबरोबर! आम्हाला काय कळत नाही होय? तुमच्या साहेबांचा फोन तुम्ही इथेच उभं राहून घेतला होतात. आम्ही काय बहिऱ्या आहोत?"

ते साफ खोटं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता, एका पोपड्याखाली जुना निळा रंग दिसत होता, आणि तो खरवडायला त्यांचं बोट आपोआप पुढे गेलं. त्यांनी ते मागे घेतलं. सायकलवालीने शेजारून हळूच म्हटलं, "काका, फिरा ना." काका फिरले नाहीत.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "राहू दे त्यांना भिंतीत डोकं घालून. धाकटे, ते फडकं टाक आणि दिवा धर."

आणि मग काकांच्या आयुष्यातले सगळ्यात लांब तास सुरू झाले. डोळ्यांना भिंत होती, पण कानांना कोण अडवणार? सगळं ऐकू येत होतं. पक्कडीची कचकच, तार सोलल्याचा आवाज, कागदाची सळसळ. वहिनी मोठ्याने टोकं सांगत होत्या आणि धाकटी त्यांना लाल-पिवळ्या फिती बांधत होती. "पहिल्या गटाचा शेवट, दुसऱ्याची सुरुवात." बरोबर. "दुसऱ्याचा शेवट, तिसऱ्याची सुरुवात." काकांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. पुढच्या गटाच्या वेळी कुणीतरी दारातून टँकरवाला आल्याचं ओरडलं, दोघीतिघी धावल्या, परत आल्या, आणि वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. "तिसऱ्याचा शेवट... हं, आणि चौथ्याचा शेवट."

उलटं! काकांच्या पाठीतून वीज गेली. मांडीखाली दाबलेला पाय असा काही धडपडला की खुर्ची कुरकुरली. काकांनी सगळं वजन त्याच्यावर टाकलं. जिभेच्या टोकावर शब्द आला, तो त्यांनी गिळला. एक शब्द. एवढा एक शब्द टाकला असता, तर वस्तीला पाणी, बायकांना यंत्रं, सगळं सुरळीत. आणि उद्यापासून पुन्हा तेच: बटणावर हात, आणि मान मागे वळलेली. आणि नाही टाकला, तर? तर त्यांना ट्रक. हेच त्यांना सगळ्यात जास्त छळत होतं. आपण गप्प बसतोय ते यांच्यासाठी, की स्वतःसाठी? त्यांना स्वतःलाच सांगता येईना. त्यांनी डोळे मिटले आणि काकूंचा हात आठवायचा प्रयत्न केला. आठवला तो फक्त त्याचा भार.

"धाकटे, हो मागे," वहिनी म्हणाल्या.

बटण टचकन वाजलं. मोटर हुंकारली, आणि तिने वेग घ्यायच्या ऐवजी गुरगुरायला सुरुवात केली. दबलेला, जाड, पोटातून येणारा आवाज. टेबल थरथरायला लागलं. पाठोपाठ तो वास आला, तापलेल्या तारेचा. मोटर भरणाऱ्याला हा वास झोपेतसुद्धा उठवतो.

"बंद!" वहिनी ओरडल्या आणि बंदचं बटणही त्यांनीच दाबलं. आवाज विरत गेला. कुणीतरी रडवेल्या सुरात म्हणालं, "गेलं सगळं."

काकांना पाठीला डोळे असल्यासारखं कळलं, की गोदामातल्या सगळ्या माना आपल्या टकलाकडे वळल्या आहेत. ते हलले नाहीत.

मग वहिनींचा आवाज आला, अगदी नेहमीचा, तिखट.

"तिकडे काय बघताय गं सगळ्या? तिकडे भिंत आहे. दिवा इकडे धरा."

मग कात्रीने दोरे तुटल्याचा आवाज आला. फिती सुटल्या. "गुरगुरली म्हणजे एक गट उलटा," वहिनी स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "चला, पहिल्यापासून. आता मी सांगणार नाही. तू सांग, मी बघते." धाकटीने सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज आधी चिरका होता, मग सरळ झाला. कुठल्याशा टोकाशी ती अडली. "वहिनी, हे... हा शेवट का जोडलाय सुरुवातीऐवजी... थांब. हे उलटं आहे. हे बघ!"

"दाखव." वहिनींनी दिवा जवळ ओढला. "माझ्याच हाताने झालंय. त्या टँकरच्या गडबडीत. आणि हे एक वेटोळं करपलंय, ते काढा. नवं गुंडाळा. कोण गुंडाळतंय? बोला पटापट."

यंत्र घरघरायला लागलं. कुणीतरी हसलं. कुणीतरी कुणाला 'बाजूला हो की जाडे' म्हणालं. वाद झाला, मिटला, पुन्हा झाला. काकांनी सवयीने मान थोडी वळवली, अगदी थोडी. एकही चेहरा त्यांच्या बाजूला नव्हता. दहा-बारा पाठी, खाली घातलेली डोकी आणि मधोमध दिवा. काकांनी हळूच मांडी सोडली, मुंग्या आलेले पाय चपलांत सरकवले आणि ते भिंतीला धरून दाराबाहेर गेले. ते गेलेले सायकलवालीशिवाय कुणालाही कळलं नाही.

बाहेर पायरीवर निरीक्षक बाई थर्मासमधला चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे न बघताच विचारलं, "खुर्ची कुणी फिरवायला सांगितली?"

"कुणी नाही. मीच फिरवली. नियमात बसत नसेल तर..."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आठवडाभर मान दुखली माझी. त्यांच्या हाताकडे बघू, की तुमच्या पायाकडे? काल रात्री मी नकार लिहून ठेवला होता." त्यांनी कपातला गाळ झाडून टाकला. "आज ते पान फाडून टाकावं लागेल. चुकल्या, आणि स्वतःच उघडून बसल्या. आम्हाला दुसरं काही बघायचंच नसतं." आणि त्या आत गेल्या.

काका पायरीवर बसले. ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्यापलीकडे टँकरजवळ बादल्यांची रांग लागली होती. म्हणजे यंत्रं इथेच. म्हणजे ट्रक नाही. त्यांना आनंद झाला, खरोखर झाला, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी रिकामं झालं. त्यांनी फोन काढून मुलीला लावला.

"रविवारी येतोय."

"नक्की?"

"नक्की. स्टेशनवर ये," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुझ्याकडे राहिलो थोडे दिवस तर चालेल का? घरी काही नादुरुस्त आहे का तुझ्या?"

मुलगी हसली की रडली ते फोनवर नीट कळलं नाही. "सगळंच आहे बाबा. मी काही फेकलेलं नाही."

फोन ठेवला तेव्हा आतून बटणाचा आवाज आला. मोटर हुंकारली, क्षणभर घुटमळली, आणि मग तिने वेग घेतला. स्वच्छ, बारीक, एकसारखा सूर. त्याच्यामागून बायकांचा असा गलका उठला की रांगेतल्या बादल्या थांबून बघायला लागल्या.

बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आल्या. हात काळे, कपाळावर ग्रीस, दोन हातांत दोन कप. एक काकांना देऊन त्या पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. अजून त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर थोडा राग होता.

"मघाशी मी बोलले ते," त्या म्हणाल्या.

"खरं होतं. अर्धं."

"कुठलं अर्धं?"

"ते सांगणार नाही."

वहिनी चहा प्यायल्या. त्यांचा हात आता थरथरत नव्हता. त्यांची नजर खाली गेली. काकांची टाच पायरीवर टकटक वाजत होती, गुडघा नेहमीसारखा वरखाली होत होता आणि कपातला चहा हिंदकळत होता. काकांनी ओशाळून चटकन त्यावर हात ठेवला.

वहिनी उठल्या. आतून कुणीतरी वॉर्निशचा डबा कुठे आहे म्हणून विचारत होतं.

"असू द्या काका. हलवा आता, हवा तेवढा हलवा," दारातून आत शिरता शिरता त्या म्हणाल्या. "आता कुणी बघत नाही."